ठाणे-नवी मुंबईतल्या स्पर्धांचा हॅशटॅग अंगाशी येऊ नये म्हणून: प्रसिद्धीचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

दिवाळी आटोपली की ठाण्यात आणि नवी मुंबईत स्पर्धांची गर्दी सुरू होते. कळवा-खारेगावकडे कबड्डीचे सामने लागतात, ऐरोली-कोपरखैरण्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे चषक भरतात, पाम बीच रस्त्याच्या बाजूला पहाटेच्या शर्यती निघतात, आणि टर्फवरच्या रात्रीच्या सामन्यांना तर आता ठरावीक हंगामच उरलेला नाही. यांतल्या प्रत्येक संयोजन समितीत असा एक जण असतो, ज्याच्याकडे ‘तुला मोबाइलमधले कळते’ एवढ्याच आधारावर प्रसिद्धीचे काम सोपवले जाते. हा लेख त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी लिहिला आहे.

हॅशटॅगला, म्हणजे पोस्ट एकत्र सापडाव्यात म्हणून ‘#’ लावून लिहिलेल्या शब्दाला, पैसे लागत नाहीत, त्यामुळे त्यावर फारसा विचार होत नाही. वास्तविक, परत घेण्यास इतका अवघड असा दुसरा निर्णय समिती क्वचितच घेत असेल. चौकातला फलक उतरवता येतो, पत्रक पुन्हा छापता येते, स्वतःची पोस्ट काढता येते आणि तिच्याखालच्या प्रतिक्रिया लपवताही येतात. परंतु तोच टॅग वापरून इतरांनी आपापल्या खात्यावर जे लिहिले ते पुसण्याचा अधिकार एक्स, इन्स्टाग्राम किंवा फेसबुक यांपैकी कोणीही आयोजकाला देत नाही. टॅग हा उघड्या मैदानासारखा असतो: चुना टाकून आखणी तुम्ही केलीत, तरी त्यावर कोणीही उतरू शकते.

पुढच्या सगळ्या सूचनांमागे माझे एकच मत आहे, ते आधीच सांगतो. शब्द चुकल्यामुळे उलटलेले टॅग थोडे असतात. बहुतेक टॅग उलटतात ते लोकांच्या मनात आधीपासून साचलेल्या नाराजीमुळे. तोपर्यंत ती नाराजी विखुरलेली असते आणि टॅगमुळे तिला एकत्र येण्याची जागा मिळते. म्हणून टॅगचे काम शब्दांपासून सुरू करू नये, नाराजीपासून सुरू करावे.

एक प्रकरण आधी नीट पाहा

अमेरिकन फुटबॉलमधल्या वॉशिंग्टनच्या संघाचे नाव त्या काळी ‘रेडस्किन्स’ असे होते. तिथल्या मूळ रहिवाशांना हा शब्द अपमानास्पद वाटत असे आणि त्यांच्या संघटना कित्येक वर्षे नाव बदलण्याची मागणी करत होत्या. मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमधल्या पन्नास सदस्यांनी लीगला पत्र लिहून हीच मागणी केली. त्यावर संघाने आपल्या अधिकृत खात्यावरून चाहत्यांना आवाहन केले की, सिनेटमधले बहुमताचे नेते हॅरी रीड यांना उद्देशून ट्विट करा आणि हा संघ तुमच्यासाठी काय आहे ते ‘#रेडस्किन्सप्राइड’ या टॅगने सांगा. संघाची अपेक्षा अभिमानाच्या लाटेची होती. काही तासांतच तो टॅग नाव बदलण्याची मागणी करणाऱ्यांनी आणि संघाची टर उडवणाऱ्यांनी भरून गेला, आणि ज्या वादातून संघाला बाहेर पडायचे होते तो वाद त्याच्याच टॅगखाली देशभर पोहोचला. ते नाव अखेर जुलै २०२० मध्ये सोडण्यात आले.

या टॅगमध्ये शब्दांची कोणतीही गफलत नव्हती. तो सुटसुटीत होता आणि लक्षात राहणारा होता. चुकले ते एवढेच की ज्या प्रश्नावर संघाकडे उत्तर नव्हते, त्याच प्रश्नावर त्याने लोकांना बोलायला बोलावले.

२०१४ च्याच ऑगस्टमध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने ‘#आस्कजेमिस’ हा टॅग देऊन आपला तारांकित खेळाडू जेमिस विन्स्टन याला प्रश्न विचारण्याचे आमंत्रण दिले. त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झालेला होता, जरी त्यात खटला भरण्यात आला नव्हता. शिवाय दुकानातून पैसे न देता खेकडे नेल्याचे प्रकरण त्याच वर्षी घडलेले होते. लोकांनी प्रश्न विचारले ते याच दोन गोष्टींवर. आणि त्याआधी जानेवारीत, सोची इथल्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी खेळाडूंना शुभेच्छा द्या म्हणून मॅकडोनाल्ड्सने ‘#चिअर्सटूसोची’ काढला, तेव्हा रशियाच्या समलिंगीविरोधी कायद्याचा निषेध करणाऱ्यांनी तो ताब्यात घेतला. कायदा कंपनीचा नव्हता, पण स्पर्धा जिथे भरते तिथला वादही प्रायोजकाच्या टॅगखाली येऊन बसतो, हे नवख्या माणसाने या उदाहरणावरून समजून घ्यावे.

पहिली पायरी: तक्रारींची वही

टॅग सुचवण्याची बैठक बोलावण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि आपल्या स्पर्धेविषयी किंवा संस्थेविषयी लोक काय कुरकुर करतात ते तिच्यात लिहून काढावे. गेल्या वर्षीच्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया, पालकांचे आणि संघनायकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट, मैदानाशेजारच्या सोसायट्यांकडून आलेली पत्रे, आणि प्रवेश शुल्क परत मागणाऱ्यांचे निरोप हे चार ठिकाणचे वाचले तरी चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. आपल्याकडच्या स्पर्धांत या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात: सामने तीन तास उशिरा सुरू झाले, पंच यजमान संघाचेच होते, धावपटूंना पदके संपल्याचे सांगण्यात आले, मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपक चालू होता, शर्यतीसाठी रस्ता अडवल्याची पूर्वसूचना नव्हती.

प्रत्येक तक्रारीसमोर एका वाक्यात लिहावे की यंदा आपण त्याबाबत काय केले आहे. हे वाक्य समितीच्या अध्यक्षांना आणि सचिवांना वाचून दाखवावे, म्हणजे पुढे तेच उत्तर सगळ्यांच्या तोंडी राहते. ज्या तक्रारीसमोरची जागा कोरी राहिली, त्या विषयाच्या जवळपासही टॅग नेऊ नये.

हे किती बारकाईने पाहावे लागते ते एका कल्पित उदाहरणाने दाखवतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. समजा, त्या आठवड्यात नवी मुंबईतल्या एखाद्या क्रिकेट अकादमीने ‘#आमच्यामुलीआमचाअभिमान’ असा टॅग काढला आणि पालकांना मुलींच्या सरावाचे फोटो टाकायला सांगितले. वेळ उत्तम आहे, भावना खरी आहे, शब्दही चांगले आहेत. पण त्या अकादमीत मुलींना सरावाचे नेट मिळते ते दुपारी दोनच्या उन्हात, कारण संध्याकाळच्या वेळा मुलांच्या तुकड्यांना दिलेल्या आहेत. कपडे बदलायला वेगळी खोली नाही. आणि मुलींच्या संघासाठी वर्षभरात एकही बाहेरगावचा सामना ठरवलेला नाही. एखादी आई शांतपणे एवढेच लिहिते की, ‘अभिमान असेल तर माझ्या मुलीला संध्याकाळचे नेट द्या.’ या एका वाक्याला समितीकडे उत्तर नसते, आणि ज्यांना तोवर तक्रार करायचा धीर होत नव्हता ते इतर पालक तिच्याखाली जमू लागतात. अशा अकादमीने त्या आठवड्यात टॅग काढण्याऐवजी आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचे नेट मुलींना द्यावे आणि नंतर तेवढीच बातमी साध्या शब्दांत जाहीर करावी. तिची प्रसिद्धी टॅगपेक्षा जास्त होईल, असे मला मनापासून वाटते.

दुसरी पायरी: टॅगचा प्रकार ठरवा

नोंदीचा टॅग म्हणजे केवळ स्पर्धेचे नाव आणि वर्ष. त्याखाली निकाल, वेळापत्रक आणि छायाचित्रे सापडावीत एवढाच त्याचा हेतू असतो. आवाहनाचा टॅग लोकांना काही सांगायला, विचारायला किंवा पाठवायला लावतो. गर्वाचा टॅग आपण जिंकणार असे आधीच जाहीर करतो. नवख्या माणसाने पहिल्या वर्षी केवळ नोंदीचा टॅग वापरावा, असा माझा आग्रह आहे. तो दिसायला कोरडा असतो, पण त्यात उलटण्यासारखे फारसे काही नसते.

गर्वाच्या टॅगविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खेळाच्या प्रसिद्धीत हाच मोह सर्वाधिक असतो. २०११ चा विश्वचषक भारताने जिंकलेला असल्यामुळे २०१५ च्या स्पर्धेसाठी स्टार स्पोर्ट्सने ‘वोन्ट गिव्ह इट बॅक’, म्हणजे चषक परत देणार नाही, अशी घोषणा केली होती, आणि त्याच्या जोडीला ‘मौका मौका’ ही जाहिरातमालिका घराघरात पोहोचली होती. २६ मार्च २०१५ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाने उपांत्य फेरीत भारताला ९५ धावांनी हरवले आणि दोन्ही शब्दप्रयोग त्याच संध्याकाळी भारतीय चाहत्यांकडेच टोमणे होऊन परत आले. एवढ्यावर ते थांबले नाही. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवल्यावर, सहा वर्षांपूर्वीची तीच ‘मौका’ची ओळ पुन्हा वर आली. इंग्लंडच्या फुटबॉल चाहत्यांच्या ‘इट्स कमिंग होम’, म्हणजे चषक घरी येतोय, या घोषणेचेही तसेच झाले; ११ जुलै २०२१ रोजी वेम्ब्लीवर युरो चषकाचा अंतिम सामना जिंकल्यावर इटलीच्या लिओनार्दो बोनुचीने कॅमेऱ्यासमोर ओरडून तो चषक रोमला येत असल्याचे सांगितले.

कबड्डीच्या स्थानिक संघालाही हा नियम लागू आहे. ‘#चषकआमचाच’ म्हणून सुरुवात केली आणि संघ साखळीतच बाद झाला, तर शेजारच्या मंडळाचे कार्यकर्ते पुढची दोन वर्षे तो टॅग विसरू देणार नाहीत, आणि त्याचा त्रास टॅग लिहिणाऱ्याला न होता चढाई करणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना होतो. टॅग निकालावर अवलंबून नसावा. सामना हरल्यानंतर रात्री अकरा वाजता हाच टॅग लावून आपण पोस्ट टाकू शकू का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर नाही असेल तर तो बाद करावा.

लोकांना एखाद्या जागी बोलावणारा टॅग हा याहून फार गंभीर विषय आहे. रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू संघाने ३ जून २०२५ रोजी आयपीएलचे आपले पहिले विजेतेपद मिळवले. दुसऱ्या दिवशी बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. पोलिसांची परवानगी नसताना संघाने समाजमाध्यमांवरून लोकांना विजययात्रेचे आमंत्रण दिले, असे कर्नाटक सरकारने उच्च न्यायालयाला दिलेल्या अहवालात म्हटले. आपली स्पर्धा त्या मानाने लहान असते, पण ठाण्यातल्या तलावपाळीची जागाही लहान आहे आणि टर्फचा दरवाजा तर त्याहून अरुंद असतो. म्हणून लेखी परवानगी हाती आल्याशिवाय, प्रवेशाची मर्यादा आणि प्रवेशाचा मार्ग ठरल्याशिवाय ठिकाण आणि वेळ असलेली एकही पोस्ट टाकू नये. ‘सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे’ हे आपल्याकडच्या पत्रकातले सवयीचे वाक्य समाजमाध्यमावर जसेच्या तसे उतरवू नये.

तिसरी पायरी: शब्द जोडल्यावर काय दिसते ते पाहा

हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही आणि शब्द एकमेकांना चिकटतात. मराठीत याचा फटका विशेषतः ‘नका’ असलेल्या वाक्यांना बसतो. धावण्याच्या शर्यतीसाठी ‘#थांबूनका’ असा टॅग कोणालाही सुचेल. लिहिणाऱ्याच्या मनात ‘थांबू नका’ असते, पण वाचणारा ‘थांबून का’ असेही वाचू शकतो आणि त्याला प्रश्न पडतो की हे नेमके काय विचारत आहेत. अशा ठिकाणी अधोरेषा वापरावी, म्हणजे ‘#थांबू_नका’. ती तिन्ही माध्यमांवर चालते. संयोगचिन्ह मात्र चालत नाही, त्याच्यापाशी टॅग तुटतो आणि उरलेला शब्द बाहेर लोंबकळत राहतो.

तयार टॅग मोठ्या अक्षरात कागदावर लिहून समितीबाहेरच्या चार-पाच जणांना मोठ्याने वाचायला द्यावा. गुणलेखक, मैदान सांभाळणारे मामा, चहावाला, आणि एखादी शाळकरी मुलगी अशी माणसे निवडावीत, आणि त्यांना अर्थ समजावून सांगू नये. त्यांपैकी एक जरी माणूस वाचताना अडखळला किंवा हसला, तर कारण विचारून घ्यावे. आपल्या दोन्ही शहरांत मराठीबरोबर हिंदी, गुजराती, मल्याळम, तमिळ बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, तेव्हा शेजारच्या भाषेत त्या शब्दाचा काही भलता अर्थ निघतो का हेही त्याच वेळी विचारावे.

त्यानंतर तो टॅग प्रत्येक माध्यमावर शोधून पाहावा. आद्याक्षरांचे टॅग टाळलेलेच बरे, कारण ‘प्रीमियर लीग’ लावलेल्या स्पर्धा गावोगावी आहेत आणि ‘टीपीएल’सारखी तीन अक्षरे ठाण्याखेरीज आणखी कोणाकोणाची असतील याचा नेम नाही. गावाचे नाव, खेळाचे नाव आणि वर्ष असा टॅग लांब वाटला तरी आपला राहतो. मोठ्या स्पर्धांची अधिकृत नावे मात्र आपल्या किंवा आपल्या प्रायोजकाच्या जाहिरातीत ओढू नयेत. २०१६ च्या ऑलिम्पिकपूर्वी अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने, अधिकृत प्रायोजक नसलेल्या कंपन्यांनी ‘#रिओ२०१६’सारखे टॅगही वापरू नयेत, अशी पत्रे पाठवली होती.

चौथी पायरी: आपोआप चालणारे काहीही ठेवू नका

‘तुमचे नाव पाठवा, आम्ही ते जर्सीवर छापून चित्र पाठवतो’ ही कल्पना तरुण कार्यकर्त्यांना फार आवडते, आणि असे चित्र आपोआप तयार करणारी साधने आता सहज मिळतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाने दहा लाख अनुयायी झाल्याच्या आनंदात असेच केले आणि वंशद्वेषी शिवी असलेले एका खात्याचे नाव संघाच्या जर्सीवर, संघाच्या अधिकृत खात्यावरून प्रसिद्ध झाले. त्यापासून कोणी धडा घेतला म्हणावे, तर जुलै २०१९ मध्ये आदिदासने आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल संघाच्या नव्या जर्सीसाठी ‘#डेअरटूक्रिएट’ या मोहिमेत तेच केले. ज्यूंच्या हत्याकांडाचे समर्थन करणारी आणि १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीतल्या मृतांची टिंगल करणारी नावे जर्सीवर उमटली. मे २०१७ मध्ये वॉकर्स या वेफर्सच्या कंपनीने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याची तिकिटे देऊ करून ‘#वॉकर्सवेव्ह’ खाली लोकांचे सेल्फी मागवले, आणि माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकर यांच्या हातात ती छायाचित्रे आपोआप दिसतील अशी चित्रफीत बनवली. लोकांनी कुप्रसिद्ध खुन्यांची आणि हुकूमशहांची छायाचित्रे पाठवली. पेट्रियट्स आणि वॉकर्स यांना माफी मागावी लागली, आणि आदिदासला ती सोय बंद करावी लागली.

म्हणून लोकांनी पाठवलेले नाव, छायाचित्र किंवा मजकूर आपल्या खात्यावर जाण्यापूर्वी माणसाने डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे. जर्सीची कल्पना राबवायचीच असेल, तर ती नोंदणी झालेल्या खेळाडूंपुरती ठेवावी आणि नाव नोंदणीच्या यादीतूनच घ्यावे. मैदानात मोठा पडदा लावून त्यावर टॅगखालच्या पोस्ट थेट दाखवण्याची पद्धतही याच कारणासाठी टाळावी.

खेळाडू आणि मुले

मार्च २०२२ मध्ये राजस्थान रॉयल्सच्या खात्यावरून कर्णधार संजू सॅमसनचे थट्टेखातर बदललेले छायाचित्र टाकले गेले. त्याने जाहीरपणे लिहिले की मित्रांनी असे करणे ठीक आहे, पण संघाने व्यावसायिक वागले पाहिजे. त्यानंतर संघाने आपल्या समाजमाध्यमाच्या चमूत बदल करणार असल्याचे सांगितले. खेळाडू आपल्याच मंडळाचा असला आणि लहानपणापासून ओळखीचा असला, तरी त्याच्यावरची गमतीची पोस्ट त्याला दाखवल्याशिवाय टाकू नये.

पराभवानंतर खेळाडूचे वैयक्तिक खाते टॅग करू नये, हा नियम मी सर्वांत कडकपणे पाळायला सांगेन. २०२१ च्या दुबईतल्या त्या सामन्यानंतर मोहम्मद शमीला आणि त्याच वर्षी युरो चषकाच्या अंतिम सामन्यानंतर इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांना समाजमाध्यमांवर जी शिवीगाळ सोसावी लागली, ती सगळ्यांनी पाहिली आहे. त्यांच्यामागे मोठ्या संघटना होत्या. आपल्या झेल सोडलेल्या पोरामागे फक्त समिती असते.

अठरा वर्षांखालील खेळाडूंची छायाचित्रे टाकण्यापूर्वी पालकांची लेखी संमती प्रवेश अर्जातच घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शाळेचे नाव, सरावाची जागा आणि रोजची वेळ एकाच पोस्टमध्ये देऊ नये.

प्रायोजक

प्रायोजकाचे नाव टॅगमध्ये घालण्याची मागणी हमखास येते. ती नम्रपणे नाकारावी आणि नाव मजकुरात द्यावे, कारण प्रायोजकावरचा राग स्पर्धेवर यायला वेळ लागत नाही. गलवानच्या संघर्षानंतर ऑगस्ट २०२० मध्ये आयपीएलने विवो या चिनी कंपनीचे नाव कायम ठेवल्याचे जाहीर होताच बहिष्काराच्या टॅगांचा भडिमार झाला आणि काही दिवसांतच त्या वर्षापुरता करार बाजूला ठेवावा लागला. पैसे लावून खेळण्याच्या अ‍ॅपचे प्रायोजकत्व तर आता घेऊच नये. २०२५ च्या कायद्याने अशा ऑनलाइन खेळांबरोबर त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आली आहे. एखाद्या लोकप्रिय इन्स्टाग्राम खात्याला पैसे किंवा मोफत प्रवेश देऊन आपला टॅग चालवायला सांगितला असेल, तर त्या पोस्टवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे, असे अ‍ॅस्की या जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

जाहीर करण्याचा दिवस

टॅग जाहीर करण्यासाठी अशी वेळ निवडावी की त्यानंतरचे तीन-चार तास दोन माणसे मोकळी असतील. रात्री झोपण्यापूर्वी टाकून सकाळी पाहू, असे करू नये. त्या दिवशीची स्थानिक बातमी आधी वाचावी: घोडबंदर रस्त्यावर सकाळपासून वाहने अडकून पडलेली असताना ‘ठाणे धावणार’ अशा आशयाचा टॅग काढला, तर पहिली प्रतिक्रिया काय येईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शहरात एखादी दुर्घटना घडली असेल, तर आधीच वेळ लावून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट थांबवाव्यात आणि त्या कशा थांबवायच्या हे निदान दोघांना माहीत असावे.

दुसऱ्याच्या चालू असलेल्या टॅगवर स्वार होण्यापूर्वी त्याखालच्या निदान वीस पोस्ट वाचाव्यात. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू रे राइस याने आपल्या होणाऱ्या पत्नीला मारहाण केल्याची चित्रफीत बाहेर आल्यावर अनेक स्त्रिया ‘#व्हायआयस्टेड’ या टॅगखाली आपण मारहाण करणाऱ्या जोडीदाराबरोबर का राहिलो ते लिहीत होत्या. एका पिझ्झाच्या कंपनीने टॅगचा विषय न पाहता त्यावर पिझ्झाचा विनोद केला. नंतर तिने अनेकांची वैयक्तिक माफी मागितली, पण वाचायला लागणारी पाच मिनिटे आधी दिली असती तर ती वेळ आली नसती.

उलटलाच तर

सर्वप्रथम पुढच्या ठरलेल्या पोस्ट थांबवाव्यात आणि आलेल्या प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत. नंतर त्या वाचून तीन गठ्ठे करावेत: खऱ्या तक्रारी, थट्टा, आणि शिवीगाळ किंवा धमक्या. थट्टेला उत्तर देऊ नये, ती दोन दिवसांत विरते. शिवीगाळ, धमक्या आणि कोणाचा फोन क्रमांक किंवा पत्ता उघड करणाऱ्या प्रतिक्रिया लपवाव्यात, माध्यमाकडे नोंदवाव्यात, आणि खेळाडूला धमकी आली असेल तर सायबर पोलिसांकडे जावे. खरी तक्रार मात्र कधीही पुसू नये. पुसलेल्या तक्रारीचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या आणि पालकांच्या गटात फिरतो, आणि मग मूळ तक्रारीपेक्षा ती पुसल्याचीच चर्चा अधिक होते. टॅगखाली नोंदणीचे किंवा तिकिटांचे खोटे दुवे दिसले तर ताबडतोब खरा दुवा आपल्या खात्यावर सर्वांत वर ‘पिन’ करून ठेवावा, आणि कोणाचे पैसे गेले असतील तर त्याला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करायला सांगावे.

मग एकच निवेदन, एकाच ठिकाणी, अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या नावाने द्यावे. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ अशी सुरुवात करू नये, कारण त्यात चूक मान्य केलेली नसते. एक नमुना देतो: ‘काल झालेल्या शर्यतीत दहा किलोमीटर गटातल्या शेवटच्या धावपटूंना पदके मिळाली नाहीत. आम्ही नोंदणीपेक्षा कमी पदके मागवली होती, ही आमची चूक आहे. ज्यांना पदक मिळाले नाही त्यांनी आपला बिब क्रमांक या पोस्टखाली न लिहिता आम्हाला संदेशातून कळवावा. पदके पंधरा दिवसांत घरपोच पाठवली जातील आणि पाठवलेल्या पदकांची संख्या आम्ही दर रविवारी इथेच जाहीर करू.’ यात काय झाले, का झाले, कोणाला काय मिळणार आणि कधी, हे सगळे आले आहे. दर रविवारचे वचन दिले तर ते पाळावेच लागते. पाळता येणार नसेल तर लिहू नये.

टॅग बदलावा की तसाच ठेवावा, हा प्रश्न त्यानंतरचा. तक्रार दूर होत असेल तर टॅग तसाच ठेवून त्याखालीच केलेली दुरुस्ती दाखवणे मला अधिक योग्य वाटते, कारण तक्रार वाचायला आलेल्या माणसाला उत्तरही तिथेच सापडते. टॅगच्या शब्दांतूनच कोणाचा अपमान होत असेल, तर मात्र तो त्याच तासाला सोडावा आणि सोडल्याचे कारण एका वाक्यात सांगावे.

स्पर्धा संपल्यावर तक्रारींची वही, स्क्रीनशॉट, पालकांची संमतिपत्रे आणि दिलेली निवेदने एका फाइलमध्ये लावून सचिवांकडे द्यावीत. खात्याची नोंदणी कार्यकर्त्याच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर असेल तर ती संस्थेच्या क्रमांकावर करून घ्यावी, समिती सोडलेल्यांचे प्रवेश त्याच दिवशी काढावेत, आणि पासवर्ड बदलून तो बंद पाकिटात अध्यक्षांच्या सहीने ठेवावा.